पाणी एकच, पूर वेगळे

पत्र : 'माझं वय 36. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, वर घर. 22 जुलै 2021 च्या पुरात दुकान पूर्ण गेलं. पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं. मी, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा वर अडकलो. मिस्टर पहाटे माल हलवायला खाली उतरले आणि पाणी वाढल्यावर समोरच्या इमारतीत गेले. तिथून ते दिवसभर दोरीने माणसं ओढून घेत होते. वीज नाही, फोन बंद. ते जिवंत आहेत की नाहीत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पाणी ओसरल्यावर ते लगेच चिखल काढायला लागले, दिवाळीत दुकान उघडलं, आता पुराचे किस्से रंगवून सांगतात. मीसुद्धा पहिले आठ-दहा दिवस ठणठणीत होते, येईल-जाईल त्याचं जेवणखाण बघत होते. मग सुरू झालं. जून आला की झोप उडते. रात्री उठून जिन्याच्या पायऱ्या बघून येते. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की हातपाय गार पडतात. ओल्या कापडाचा वास आला की मळमळतं, आणि धंदा कापडाचा! हल्ली विसरतेही फार: गॅसवरचं दूध, उधारीची नोंद, मुलाच्या फीची तारीख. व्हॉट्सॲपवर वाचलं की टेन्शनने मेंदू आक्रसतो. सासूबाई म्हणतात, "आम्ही कोयनेचा भूकंप बघितला, 2005 चा पूर बघितला, आम्हाला नाही काही झालं." मिस्टर म्हणतात, मन घट्ट कर. ते स्वतः रात्री एक-दीडपर्यंत हिशेब करत बसतात, बीपीची गोळी सुरू झालीय, मागच्या गोडाऊनमध्ये मात्र नोकरालाच पाठवतात. मी मुळातच घाबरट. वडील प्यायचे, त्यांची सायकल दारात लागली की आवाजावरून मला कळायचं आज काय होणार. एकाच घरात, एकाच पुरात, मलाच का? माझा मेंदू बिघडलाय का? शेजारणीने दिलेली अर्धी गोळी घेतली की झोप लागते. नाव छापू नये.'

ताई, नमस्कार.

आधी मेंदूचं. तो बिघडलेला नाही. त्या दिवशी जे शिकला ते सोडायला तयार नाही, इतकंच. आणि असं का होतं याची बरीच कारणं आता माहीत झालेली आहेत. 'मलाच का' याचं उत्तर तर बरंचसं तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. तिकडे येतेच.

'पहिले आठ-दहा दिवस ठणठणीत होते' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. घरच्यांची शंका बहुतेक इथूनच सुरू झाली असेल. पुराचा चिखल अंगणात होता तेव्हा ही बाई पिठलंभात रांधत होती, आणि तो गेल्यावर घाबरायला लागली, हे कसं? नुसत्या अकलेने विचार केला तर उलटंच वाटतं. म्हणून बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये झालेल्या एका कामाविषयी सांगते. सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना एकदाच, दोन तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी उंदीर ठीक. मेंदूच्या पेशी तपासल्या तर त्याही जशाच्या तशा. दहा दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हा मात्र ते उंदीर भित्रे झाले होते, आणि अमिग्डाला नावाच्या भागातल्या पेशींवर नवीन जोडण्या उगवल्या होत्या. हे 2005 साली प्रसिद्ध झालं. उंदराचे दहा दिवस म्हणजे तुमचे दहा दिवस असा हिशेब अर्थातच मांडता येत नाही. पण धक्का बसतो एका दिवशी आणि मेंदूतला बदल आकाराला येतो नंतर, सावकाश, हे त्यातून दिसतं. माणसांमध्येही त्रास उशिरा सुरू होणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. तेव्हा 'तेव्हा नाही झालं मग आता कसं' या प्रश्नाने स्वतःला छळू नका, आणि घरात कोणी विचारलं तर हे पान पुढे करा.

हा अमिग्डाला म्हणजे तुमच्या गावच्या भोंग्याचाच भाऊ. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर एकेक असतो, आकाराने बदामासारखा. धोका वाटला की हा आधी वाजतो, मग बाकीचा मेंदू विचार करतो. तो वाजला की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींमधून ॲड्रेनलिन सुटतं, काही सेकंदांत. छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, पोटाचं काम मंदावतं. हातपाय गार पडतात ते कातडीचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं म्हणून. मागोमाग दुसरी, जरा संथ साखळी सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून त्याखालच्या पिट्युइटरी ग्रंथीला निरोप, पिट्युइटरीकडून मूत्रपिंडांवरच्या त्याच ग्रंथींना, आणि तिथून कॉर्टिसॉल. हे वीस-तीस मिनिटांत वर चढतं, शरीराला लांबच्या दौडीसाठी इंधन देतं, आणि मग मेंदूत परत जाऊन सांगतं की पुरे झालं, आता बंद करा. एवढी सुरेख योजना आहे ही! एका प्रसंगासाठी केलेली. दिवसभर आणि रात्रभर नवरा दिसत नाही, पाणी पायरी-पायरीने वर येतंय, कडेवर पोर, अशा वेळेसाठी ती योजना अपुरी पडते.

या दोन्ही रसायनांचं आणखी एक काम आहे. ती आठवण पक्की करतात. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या साध्या मंगळवारी काय जेवलात ते आठवत नाही, पण त्या दिवशीच्या ओल्या थानांचा वास नाकातून जात नाही. अमिग्डालाला वास, आवाज, उजेड असल्या तुकड्यांशी मतलब. ही घटना कधीची, कुठली, तेव्हा आणि आता यात फरक काय, हे सांगण्याचं काम त्याच्या शेजारच्या हिप्पोकॅम्पसचं. सर आली की हिप्पोकॅम्पसने म्हणायचं असतं, 'हा जूनचा साधा पाऊस आहे, नदी खाली आहे, झोप.' आणि कपाळामागचा जो मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्याने भोंगा बंद करायचा असतो. ताण लांबला की नेमकी हीच दोन खाती कमजोर पडतात, आणि भोंग्याचं बळ वाढतं.

यालाच तुमच्या व्हॉट्सॲपवाल्याने 'मेंदू आक्रसतो' म्हटलंय. अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खऱ्यानेच माणूस जास्त घाबरतो, म्हणून इथे जरा थांबते.

त्याच बंगळुरूच्या प्रयोगशाळेत 2002 साली असं दिसलं की दहा दिवस रोज ताण दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या आणि अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. पेशी मेल्या नव्हत्या. फांद्या आखडल्या होत्या. पुढे 2004 मध्ये त्यांनी उंदरांना एकवीस दिवस विश्रांती देऊन पाहिलं. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पूर्ववत झाल्या. अमिग्डालातली वाढ मात्र तशीच राहिली, आणि भित्रेपणाही. यात एक चांगली बातमी आहे आणि एक तितकीशी चांगली नाही. विसराळूपणा सुधारण्याची आशा बरीच आहे. भीती नुसत्या विश्रांतीने, 'चार दिवस माहेरी जाऊन ये' म्हणून जात नाही. तिच्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागतं.

माणसांचं काय? न्यूयॉर्कमध्ये मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर बुडालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मेंदू तपासले गेले होते, 2009 चा अभ्यास. एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवण्यात ती मुलं कमी पडत होती आणि प्रीफ्रंटल भागाच्या जोडण्या मंदावलेल्या दिसत होत्या. परीक्षा संपून महिना गेल्यावर दोन्ही पूर्ववत. येल विद्यापीठातल्या ॲमी आर्नस्टेन यांनी याच्या मुळाशी जाऊन पाहिलंय. प्रीफ्रंटल भागाला नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन ही रसायनं बेताने लागतात. फार झालं की तिथल्या पेशींचं आपापसातलं बोलणं तुटतं आणि कारभार जुन्या, सवयीच्या भागांकडे जातो. गॅसवर दूध ठेवलंय हे डोक्यात धरून दुसरं काम करणं, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता उधारी लक्षात ठेवणं, हे सगळं त्याच भागाचं काम. तुमचं दूध उतू जातं ते बहुतेक म्हणून. त्यात झोप मोडलेली.

आणि जुळ्या भावांचा एक अभ्यास आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या आणि आघाताचा त्रास टिकून राहिलेल्या अमेरिकी सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान असतो हे दिसलं होतं. सगळ्यांनी धरलं, युद्धाने तो लहान केला. 2002 मध्ये त्यांच्या जुळ्या भावांना तपासलं, जे युद्धावर गेलेच नव्हते. त्यांचाही लहानच निघाला! म्हणजे काही जणांच्या बाबतीत तो आधीपासूनच तसा असावा, आणि त्यामुळे त्यांना त्रास होण्याची शक्यता जास्त असावी. 'टेन्शनने मेंदू आक्रसतो' हे एका ओळीत लिहिणाऱ्याला हे सगळं सांगायला वेळ नसतो. तो फॉरवर्ड काढून टाका.

आता 'मलाच का'.

तुम्ही लिहिता, एकाच घरात, एकाच पुरात. मला हे पटलेलं नाही. पाणी एकच होतं. पण मिस्टरांच्या हातात दोर होता आणि तुमच्या हातात बंद पडलेला फोन.

हे मी तुमचं समाधान करण्यासाठी लिहीत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्टीव्हन मायर यांनी यावर आयुष्य घालवलंय. त्यांच्या प्रयोगात दोन उंदीर शेजारी शेजारी, दोघांच्या शेपटीला विजेचे झटके. झटका एकाच वेळी सुरू होतो, एकाच वेळी थांबतो, जोर तोच, वेळ तोच. फरक एवढाच की पहिल्या उंदराजवळ एक चाक आहे. त्याने ते फिरवलं की झटका थांबतो, दोघांचाही. दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. शरीराला बसलेला मार मोजला तर दोघांचा सारखा. नंतर मात्र दुसरा उंदीर दबून राहतो, नव्या ठिकाणी घाबरतो, पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न सोडतो. पहिला बऱ्यापैकी नीट असतो. 2005 मध्ये त्यांच्या गटाने याचं मेंदूतलं ठिकाण दाखवलं. 'माझ्या करण्याने काही होतंय' ही जाणीव प्रीफ्रंटल भागाच्या एका खालच्या पट्ट्यात नोंदली जाते, आणि तो पट्टा खालच्या धोक्याच्या केंद्रांना शांत करतो. तेवढा पट्टा औषधाने बंद केला, तर चाक फिरवणारा उंदीरसुद्धा पुढे दुसऱ्यासारखाच वागतो. मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी 1967 मध्ये 'असहायता शिकली जाते' असं मांडलं होतं. पन्नास वर्षांनी दोघांनीच ते फिरवलं. म्हणाले, असहायता शिकावी लागत नाही, लांबलेल्या माऱ्यात मेंदू आपोआप तिथेच जातो; शिकावं लागतं ते 'मला काही करता येतं' हे.

दिवसभर दोर ओढणारा माणूस ते शिकत होता. ओढला की माणूस वर येतो, दर खेपेला. तुम्ही काय करत होतात? मुलाला घेऊन पायऱ्या मोजत होतात. आजही रात्री उठून तेच करता. सासूबाईंना धीर देणं, मुलाला भूक लागली म्हणून कोरडे पोहे चारणं, हेही काम होतंच, कदाचित दोर ओढण्यापेक्षा अवघड. पण त्याने पाणी एक इंच खाली गेलं नाही आणि नवरा दिसला नाही.

दुसरं कारण त्या सायकलमध्ये आहे. दारात सायकल लागण्याच्या आवाजावरून वडिलांचा मूड ओळखणारी मुलगी घाबरट नव्हती. ती हुशार होती. त्या घरात तेच शहाणपण होतं, आणि लहान वयाचा मेंदू अशा घरात वाढला तर तो आवाज, पावलं, चेहरे यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला शिकतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकल मीनी यांनी उंदरांच्या आयांवर काम केलं. ज्या पिल्लांना आई पहिल्या आठवड्यात भरपूर चाटते, त्यांचा कॉर्टिसॉल थांबवणारा हिशेब मोठेपणी चांगला चालतो. ज्यांच्या वाट्याला ते कमी येतं, त्यांचा कमी. फरक नुसता वळणाचा नसतो, कॉर्टिसॉल ओळखणाऱ्या जनुकावरच्या रासायनिक खुणांपर्यंत तो पोहोचलेला असतो. पिल्लं जन्मल्यावर दुसऱ्या आईकडे दिली तर ती त्या दुसऱ्या आईसारखी घडतात, हे माझ्या मते त्यातलं सगळ्यात बोलकं. माणसांत FKBP5 नावाच्या जनुकाचे काही प्रकार असणाऱ्यांना लहानपणी मारझोड वाट्याला आली असेल, तर पुढच्या आघाताचा त्रास जास्त होतो असंही दिसलंय. त्याच प्रकाराचं जनुक असून बालपण सुरक्षित गेलं, तर तसं दिसत नाही. यात तुमच्या चारित्र्याची परीक्षा कुठेच नाही.

काही माणसं धडक घेणारी आणि काही थांबून अंदाज घेणारी असतात हे तर पक्ष्यांतही आढळतं. नेदरलँड्समध्ये रामगंगा (ग्रेट टिट) या छोट्या पक्ष्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. नव्या जागी झपाझप फिरणारे धीट पक्षी काही वर्षी जास्त जगतात, सावध पक्षी काही वर्षी. त्या हिवाळ्यात खायला किती आहे यावर ते ठरतं. निसर्गाने दोन्ही ठेवलेत. वशिष्ठी नदीच्या काठी राहणाऱ्या घरात एक तरी सावध माणूस असावं असं मला वाटतं.

सासूबाईंचं म्हणणं खोटं ठरवायला जाऊ नका. 1967 चा कोयनेचा भूकंप, 2005 ची 26 जुलै, आणि त्या अजून उभ्या आहेत. मोठ्या आपत्तीनंतर बहुतेक माणसं कुठल्याही उपचाराशिवाय सावरतात हे जगभर दिसलेलं आहे. त्या त्यांतल्या असतील. पण एक बघा, मे महिना संपायच्या आत त्या दागिने, रेशनकार्ड, सातबारा माळ्यावर हलवतात की नाही? कोकणातल्या नदीकाठच्या बहुतेक म्हाताऱ्या हलवतात. त्याला आपण अनुभव म्हणतो, भीती म्हणत नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना 2005 ला नेमकं काय केलं ते विचारा आणि लिहून काढा. त्यांच्या डोक्यात चांगली माहिती असणार.

मिस्टरांविषयी मला जरा काळजी वाटते. तुम्ही त्यांना 'ठणठणीत' या रकान्यात टाकलंय. रात्री दीडपर्यंत हिशेब, बीपी, आणि सगळे किस्से रंगवून सांगणारा माणूस स्वतःच्या गोडाऊनमध्ये पाऊल टाकत नाही! माँट्रियलच्याच सोनिया ल्युपियन सांगतात की कॉर्टिसॉल वाढवायला चार गोष्टी पुरतात: प्रसंग नवा असणं, पुढे काय होईल याचा अंदाज नसणं, आपल्या हातात काही नसणं, आणि चारचौघांत आपली किंमत जाण्याची भीती. पुराच्या दिवशी त्यांच्या हातात दोर होता. नंतर बँक, व्यापाऱ्यांची देणी, बुडालेली उधारी, बाजारपेठेतली पत. तिथे कुठला दोर? तुमचा पूर त्या दिवशी झाला. त्यांचा बहुधा चिखल निघाल्यावर सुरू झाला आणि अजून चालू आहे. असा रोजचा, न संपणारा ताण शरीर झिजवतो. न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅक्युएन यांनी, ज्यांनी 1968 मध्ये हिप्पोकॅम्पस कॉर्टिसॉलसारखी रसायनं धरून ठेवतो हे उंदरांत दाखवलं, त्यांनी 1993 मध्ये या झिजेचा सविस्तर विचार मांडला. रक्तदाब हे त्यातलं मोजायला सोपं माप. बीपीला इतरही शंभर कारणं असतात, तेव्हा मी ते पुरावर ढकलत नाही. पण बऱ्याचदा ताण बाईत रडण्यासारखा दिसतो आणि पुरुषात काम करण्यासारखा, आणि आपल्याकडे कामाचं कौतुक होतं. 'मन घट्ट कर' हे त्यांनी बहुतेक आधी स्वतःला सांगितलेलं वाक्य आहे.

आता काय करायचं.

शेजारणीची गोळी आधी. नाव लिहिलेलं नाही, पण अर्धी घेतली की झोप येते म्हणजे बहुधा अल्प्राझोलामच्या कुळातली असावी. या गोळ्यांची सवय लागते, हळूहळू अर्धीची एक होते, आणि तुमच्यासारख्या त्रासात मुळावर त्यांचा उपयोग होत नाही. वर विसराळूपणा वाढतो. म्हणजे ज्याची तुम्हाला भीती, तेच. पण रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. एकदम सोडली तर झोप आणि धडधड दोन्ही उलटतात, क्वचित आकडीचे झटकेही येतात. डॉक्टरांना सांगून उतरत्या मात्रेने.

डॉक्टर म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. पत्रावरून मी निदान करणार नाही, पण दर पावसाळ्यात परत येणारा, झोप आणि काम बिघडवणारा त्रास चार वर्षं अंगावर काढण्याची गरज नव्हती. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावावरून आपल्याकडे काय विनोद चालतात ते मला माहीत आहे, आणि तुमच्या आळीत 'रत्नागिरीला गेली' याचा अर्थ काय घेतील तेही. बाह्यरुग्ण विभागात तपासून संध्याकाळी घरी परत येतात, एवढंच सांगते. ते नकोच असेल तर खासगी तज्ज्ञ गाठा, किंवा आधी 14416 ला फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा, ऑक्टोबर 2022 पासून, फुकट, मराठीत बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असं कधी मनात आलं, तर तो फोन त्याच मिनिटाला.

तज्ज्ञाला विचारायचं ते असं : आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार इथे कोण करतं? यात ती रात्र ठरवून, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा सांगायची असते; टाळलेल्या गोष्टींकडे पायरी-पायरीने जायचं असतं. ओल्या कापडाचा तुकडा आधी दुसऱ्या खोलीत, मग समोर, मग हातात. अमिग्डालातली जुनी आठवण यात पुसली जात नाही. तिच्यावर दुसरी बसते, की हा वास आला आणि काहीच झालं नाही. वर मी 'वेगळं काहीतरी करावं लागतं' म्हटलं ते हे. काहींना सर्ट्रालिनसारखी, नैराश्य आणि चिंतेवर देतात ती औषधंही लागतात. ती झोपेची गोळी नव्हे, असर यायला आठवडे लागतात. म्हणून हे जूनवर ढकलू नका. पाऊस नसताना सुरुवात करा. आणि विसरण्यासाठी थायरॉइड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सगळं पुराच्या डोक्यावर टाकून रक्तातली कमतरता तशीच राहिलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्यात.

घरात एक बदल करा, आणि हा माझा आग्रह समजा. पुराचा बेत तुमच्या ताब्यात घ्या. आजवर तो मिस्टरांच्या डोक्यात असणार. किती पाणी आलं की माल वर, कुठला आधी, कागदपत्रांची प्लास्टिकची पेटी कुठे, मुलाला कोणाकडे पाठवायचं, कोण खाली उतरणार नाही. हे तुम्ही ठरवा, कागदावर लिहा, भिंतीला लावा. मे महिन्यात एकदा सगळ्यांकडून करून घ्या. भोंगा वाजल्यावर तुमच्या हाताला काम असलं पाहिजे, आणि ते तुम्ही ठरवलेलं. उंदरांमध्ये असंही दिसलंय की आधी ज्याला चाक फिरवायला मिळालं, त्याला पुढे चाक नसलेला मारही कमी लागतो.

नदीची पातळी बघायची तर दिवसातून ठरलेल्या दोन वेळा, एकाच अधिकृत ठिकाणी. पावसाळ्यातले पाच-सहा ग्रुप म्यूट करा. दोन वर्षांपूर्वीचा पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरवणारे तुमच्याही ग्रुपात असतील. रात्री पायऱ्या बघायला जाण्याची ओढ अनावर झाली तर जा, पण एकदाच, आणि येऊन 'जिना कोरडा आहे' असं मोठ्याने म्हणा. श्वास हळू सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून, पाच मिनिटं. त्याने हृदयाचे ठोके उतरतात. त्याने आजार जात नाही, ती रात्र जाते. 'सकारात्मक विचार करा' हा सल्ला मी देत नाही, कारण भोंगा वाजत असताना विचार करणारा भागच जागेवर नसतो.

मुलगा विचारत असेल, आई, पाणी येणार का? 'नाही येणार' असं सांगू नका. चिपळूणच्या मुलाला ते खोटं आहे हे कळतं. 'आलं तर आपण काय करणार ते भिंतीवर लिहिलंय, वाचून दाखव' असं म्हणा.

मिस्टरांना हे पत्र आणि उत्तर दोन्ही दाखवा. मग गोडाऊनचा विषय काढा, पण जेवताना सासूबाईंसमोर नको. दोघं मिळून एकदा दिवसाउजेडी तिथे जा, पाच मिनिटं उभे राहा, परत या. कोण कोणाला सोबत करतंय हे ठरवायची गरज नाही. त्यांनी नाही म्हटलं तर जबरदस्ती करू नका. बीपी तपासायला ते जिथे जातात, त्या डॉक्टरांना झोपेचं आणि दीड वाजेपर्यंतच्या हिशेबाचं तेवढं त्यांनी स्वतः सांगावं.

आणि तुम्ही पहिल्यांदा तज्ज्ञांकडे जाल तेव्हा शेजारणीच्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाका. मागचा छाप फाटलेला नको, नाव आणि मिलिग्रॅम दिसले पाहिजेत.